गाडीतलं वाघाचं ब्लँकेट

पेणला मे महिन्यात कुणी कुणाला ब्लँकेट भेट देतं का? मला दिलं. मी निवृत्त झालो त्या दिवशी आमच्या पॉइंटवरच्या, म्हणजे अँब्युलन्स उभी असते त्या ठिकाणच्या, मंडळींनी शाल-श्रीफळाला फाटा देऊन माझ्या खांद्यावर एक जाडजूड लाल ब्लँकेट टाकलं. त्यावर सिंह छापलेला होता, कारण वाघाचं त्यांना बाजारात मिळालं नाही. सदरा पाठीला चिकटेपर्यंत ते मला काढू दिलं नाही. फोटो निघाले. फोटोत मी रडतोय असं सगळ्यांना वाटतं, पण तो घाम आहे. थोडं रडलोही असेन, ते घामात खपून गेलं.

मी दत्ताराम. जन्मभर अँब्युलन्स चालवली. आधी एका ट्रस्टची, मग सरकारी योजनेतली, जिच्यात मागे डॉक्टर बसलेला असतो. आमच्याकडे ड्रायव्हरला पायलट म्हणतात. हुद्दा विमानाचा आणि रस्ता आमचा. सासरवाडीला मात्र त्याचा उपयोग झाला, सासऱ्यांनी गावभर सांगून ठेवलं होतं, ‘जावई पायलट हाय!’ लग्नात दोघांनी मला विमानतळावरच्या नोकऱ्यांबद्दल विचारलं होतं.

दिवाळी अंकाचे संपादक म्हणाले, थरारक अनुभव लिहा. थरार बघणाऱ्याला असतो हो. आमचं अर्धं लक्ष आरशात आणि अर्धं पुढच्या खड्ड्यात. तेव्हा मी एकाच गोष्टीबद्दल लिहिणार आहे, जखमी माणसाला ऊब देण्याबद्दल. आणि त्यात माझ्या हातून झालेल्या एका चुकीबद्दल, जी मी पुष्कळ वर्षं लपवून ठेवली.

ऊब म्हटलं की आमच्याकडे लोक हसतात. इथे थंडी कुठाय? पौष महिन्यातसुद्धा आमची मंडळी पंखा दोनवर ठेवून झोपतात. मीही असाच हसायचो. तेव्हाची गोष्ट आहे.

ट्रस्टच्या गाडीवर होतो. मागे डॉक्टर-बिक्टर काही नाही, मी एकटा आणि पेशंटचा जो कोण नातेवाईक चढेल तो. जुनी गाडी मोडीत निघाली आणि नवी कोरी एसीवाली आली. काय सांगू तुम्हाला, मी तिला घरच्या गाईसारखी धुवायचो! रोह्यापासून पेणपर्यंत तेव्हा एसीची अँब्युलन्स दुसऱ्या कुणाकडे नव्हती. निदान मी तरी सगळ्यांना तसं सांगत होतो.

एप्रिलमधली दुपार. नागोठण्याच्या अलीकडे एका दुकानासमोर मोटरसायकलला ट्रकने उडवलं म्हणून फोन आला. मी पोचलो तर ही गर्दी. पंचेचाळिशीचा माणूस रस्त्याच्या कडेला पडलेला, मांडीचं हाड मोडलेलं, खाली रक्त. आणि माणूस डोक्यापासून कंबरेपर्यंत चिंब. कुणीतरी त्याच्यावर पाणी ओतलं होतं. शेजारी फ्रीजच्या पाण्याच्या तीन रिकाम्या बाटल्या पडलेल्या, अजून दव धरलेल्या. दोघं जण पुठ्ठ्याने वारा घालत होते. हे आमच्याकडे सगळीकडे असंच. माणूस पडला की आधी पाणी, मग वारा, मग फोन.

त्याच्या मेहुण्याला मागे बसवलं आणि निघालो. आरशात बघतो तर पेशंटच्या कपाळावर घाम डवरलेला. मला वाईट वाटलं. म्हटलं, बिचारा केवढा तापलाय. आणि मी एसी पूर्ण सोडला. मागची जाळी त्याच्या छातीकडे वळवली. गाडीत एवढा गारवा झाला की मेहुणा हात चोळायला लागला. मोठ्या हॉस्पिटलापर्यंत पाऊण तास लागला. तो पाऊण तास मी त्या माणसाला माझ्या नव्या एसीचा मान दिला.

कॅज्युअल्टीतल्या सिस्टरने त्याच्या पोटावर हात ठेवला आणि म्हणाली, ‘अगं बाई, केवढे गार पडलेत हे!’ मी काय बोललो असेन? मी म्हटलं, ‘नवी गाडी आहे सिस्टर, एसी जोरदार आहे.’

हे वाक्य मी बोललो. अभिमानाने बोललो. तो माणूस दुसऱ्या दिवशी गेला. पोटातही मार होता, रक्त फार गेलं होतं, असं कळलं. मला कुणी एका शब्दाने काही म्हणालं नाही, मलाही काही वाटलं नाही. वाईट वाटलं, पण ते आमच्या धंद्यात वाटतं तेवढंच. मी गाडी धुऊन जागेवर लावली.

मग दोनेक वर्षांनी मी सरकारी योजनेच्या गाडीवर आलो आणि माझ्या मागे मॅडम आल्या. डॉक्टर मॅडम मूळच्या परभणीकडच्या, वयाने माझ्या मुलीएवढ्या, आवाज मात्र हेडमास्तरणीचा. पहिल्याच आठवड्यात जिते स्टेशनजवळ स्कूटरवरून पडलेल्या एका बाईला आम्ही आत घेतलं. उकाडा मरणाचा. मी सवयीने एसीच्या बटणाला हात घातला तर मागून आवाज आला, ‘दत्ताकाका, काय करायलात? बंद करा की ते! खिडक्या पण लावा.’

‘मॅडम, पेशंटला घाम फुटलाय.’

‘तो घाम थंड आहे. हात लावून बघितलात का?’

मी लावला होता कुठे? नंतर गाडी उभी करून चहा घेताना त्यांनी मला सगळं नीट समजावलं. माझ्यासारख्या दहावी नापासाला समजलं म्हणजे तुम्हालाही समजेल.

रक्त ही अंगातली शेगडी धरा. रक्त गेलं की शेगडी मंदावते. त्यात माणूस घाबरलेला असतो, त्याला गार घाम येतो, कपडे भिजलेले असतात, तो गार लादीवर नाहीतर ओल्या मातीवर पडलेला असतो. सगळीकडून अंगातली ऊब निघून जाते, बाहेर ऊन कितीही असो. आणि पुढची गोष्ट मला कधी सुचली नसती. आपल्याला वाटतं, गारव्याने रक्त थिजेल, थंडीत तूप थिजतं तसं. नाही. रक्ताचं उलटं आहे. अंग गार पडलं की रक्त गोठायचं विसरतं, वाहतच राहतं. वाहिलं की अंग आणखी गार. म्हणून आधी रक्त दाबून बंद करायचं, लगेच माणूस कोरडा करायचा, खालून-वरून झाकायचा, डोकंसुद्धा. ऊन लागून तापलेल्या माणसाला पाणी घालतात ते वेगळं, रक्त गेलेल्या माणसाला नाही.

मी कप खाली ठेवला. विचारलं, ‘आणि मॅडम, समजा कुणी अशा माणसाला एसी लावला तर?’

मॅडम हसल्या. ‘कोण शहाणा लावेल?’

मी जाऊन गाडीत बसलो. त्या रात्री जेवण गेलं नाही. बायकोने विचारलं, काय झालं, तर तिला म्हटलं, वांगं खारट झालंय. वांग्यात मीठच नव्हतं, हे तिने मला दुसऱ्या दिवशी सुनावलं.

मॅडमना गावोगाव जाऊन प्रथमोपचाराची माहिती द्यायची हौस. शाळेत, पंचायतीच्या हॉलमध्ये, महिला मंडळात. पण त्यांची बोली आमच्या लोकांना कळायला वेळ लागायचा, म्हणून त्या मला पुढे करायच्या. मी बोलायला उभा राहिलो की खाली बसायचं नाव घेत नाही, हे घरी-दारी सगळ्यांना माहीत आहे. मी नागोठण्याचीच गोष्ट सांगायचो. नाव न घेता, पण रंगवून. ‘आणि बघतो तर काय! कुणीतरी अतिशहाण्याने त्या माणसावर फ्रीजचं पाणी ओतलेलं. एक नाय, तीन बाटल्या!’ लोक हसायचे, मग गंभीर व्हायचे, माना हलवायचे. गोष्ट चांगली बसली होती. एसीचा भाग मी कधी सांगितला नाही. पहिल्या वेळी लाज वाटली म्हणून गाळला, आणि पुढे तो नसलेलीच गोष्ट तोंडात बसली.

एकदा नागोठण्याजवळच एका हॉलमध्ये कार्यक्रम होता. पुढच्या रांगेत एक बाई बसलेली, डोक्यावरून पदर. कार्यक्रम संपल्यावर तिने हात वर केला. ‘भाऊ, एक विचारू? पाणी किती ओतलं की माणूस गार पडतो?’

मी अगदी रंगात होतो. म्हटलं, ‘ताई, एक बाटलीसुद्धा नको. आणि तीन बाटल्या म्हणजे तर माणसाचं कामच तमाम!’ हॉल हसला. ती बाई हसली नाही. ‘बरं,’ म्हणाली आणि बसली.

त्याच कार्यक्रमात मी लोकांकडे ब्लँकेटं मागितली होती. गाडीत मिळणारं कांबळं पेशंटबरोबर वॉर्डात गेलं की त्याचा पत्ता लागत नाही, कुणाचाच दोष नसतो, पण हातात राहत नाही. आणि आमच्या भागात एक गंमत आहे. घरटी कुणी ना कुणी सौदीला, दुबईला, कुवेतला. सुट्टीवर येताना प्रत्येक जण एक भलंमोठं मऊ ब्लँकेट आणतो. त्यावर वाघ, मोर नाहीतर गुलाब. कोकणात ते पांघरणार कोण? मग ते चेनच्या प्लास्टिक पिशवीत, कपाटावर, पाहुण्यांना दिसेल असं वर्षानुवर्षं बसून असतं. मी म्हटलं, ‘तुमचे वाघ कपाटावर म्हातारे होतायत. एखादा आमच्या गाडीत नोकरीला पाठवा.’

दोन दिवसांनी एक रिक्षावाला पॉइंटवर पिशवी देऊन गेला. आत नारिंगी वाघ, डोळे हिरवे, घडी न मोडलेली. सोबत चिठ्ठीवर पत्ता. आभार मानावेत म्हणून मी गेलो. तीच पदरवाली बाई दारात आली. हमीदाभाभी. शेजारी किराणा दुकान, आता बंद. मला खुर्ची दिली, पाणी दिलं. आणि समोरच्या भिंतीवर फोटो. सौदीत काढलेला, मागे खजुराची झाडं. मी त्या चेहऱ्याकडे पाऊण तास आरशात बघितलं होतं.

‘आमचे मालक,’ भाभी म्हणाल्या. ‘इक्बाल. ब्लँकेट त्यांनीच आणलेलं शेवटच्या खेपेला. आता कायमचा आलो म्हणाले, दुकान टाकलं, आणि इथंच रस्त्यावर...’

मी चहा प्यालो. बिस्कीट खाल्लं. ‘येतो भाभी’ म्हटलं आणि निघून आलो. तेव्हापासून ठरवलं होतं, एकदा जाऊन सांगायचं. नागोठण्यावरून आठवड्यातून चारदा जायचो. प्रत्येक वेळी कॉल असायचा नाहीतर जेवणाची वेळ असायची, नाहीतर त्यांच्या दारात पाहुणे दिसायचे. बहाणे मला फुकट सुचतात.

वाघ मात्र कामाला लागला. त्याच्याखाली किती जण निजून गेले! मी त्याला प्रत्येक वेळी धुऊन वाळवून परत आणायचो, वॉर्डाच्या दारात उभा राहून वसुली करायचो. पॉइंटवरची मंडळी म्हणायची, ‘दत्तूदादाचा वाघ सुटत नाय कुणाला.’ सोबत एक जाड प्लास्टिकचा ताडपत्रीएवढा तुकडाही असायचा. तो माझ्या मेव्हण्याच्या गणपतीच्या कारखान्यातला. पावसात मूर्तींवर टाकतात, तसला. खाली प्लास्टिक, वर वाघ, मधे माणूस, आणि प्लास्टिक वरून दुमडून घ्यायचं. मेव्हणा एकदा बघून म्हणाला, ‘आम्ही गणपती परगावी पाठवताना असाच भरतो.’

आता गेल्या वर्षीची गोष्ट, माझ्या नोकरीतला शेवटचा पावसाळा. सकाळी दहाचा सुमार. पेणच्या खाडीपट्ट्यातल्या एका गावात उधाणाच्या पाण्याने बांधाला खांड पडली होती. बांध फुटला की खारं पाणी शेतात शिरतं आणि पुढली दोन-तीन वर्षं भात होत नाही, म्हणून अख्खं गाव माती-दगड टाकायला लोटलं होतं. तिथे ट्रॅक्टरची ट्रॉली कलंडली आणि हिराबाई नावाची पन्नाशीची बाई खाली सापडली. एक पाय ट्रॉलीखाली, कंबरेपर्यंत पाण्यात, वरून पाऊस. तिला काढायला लोकांना दोन तास लागले.

गाडी बांधावर जात नव्हती. स्ट्रेचर गावातल्या दोघांनी घेतला, मी वाघ आणि प्लास्टिक छातीशी धरून चिखलातून पळालो, मॅडम पुढे. ब्लँकेट भिजू नये म्हणून मी त्याच्यावर वाकून चाललो होतो. पोचलो तर हिराबाई बांधाच्या कडेला चिखलातच ठेवलेली, ओठ निळे. नवरा शेजारी बसून म्हणाला, ‘आता बरा वाटतंय तिला. मगाशी लय कुडकुडत व्हती, आता थांबलंय.’

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. आम्हाला दोघांनाही ठाऊक होतं. कुडकुडणं म्हणजे अंगाचे कष्ट, ऊब तयार करण्याचे. ते आपोआप थांबलं म्हणजे अंगाने हात टेकले.

मॅडमनी आधी मांडीवर घट्ट पट्टी आवळली, रक्त थांबवलं. मग कात्री काढली. तसा बायकांनी एकच गलका केला. हिराबाईला शुद्ध होती, ती पुटपुटली, ‘लुगडं कापू नको गो बाय... सणाचं हाय...’

‘बांधावर सणाचं लुगडं नेसून आलीस?’ मी म्हटलं.

‘दुसरं वाळत व्हतं,’ तिची जाऊ म्हणाली.

‘मावशी, ओलं लुगडं अंगावर राहिलं तर तुम्ही राहत नाही,’ मॅडम म्हणाल्या. मी बायकांना हाक दिली, ‘छत्र्या उघडा गो सगळ्या जणी! पाठी आत करा आणि गोल उभ्या राहा!’ दहा-बारा छत्र्यांचं कुंपण झालं. मी पाठ फिरवून उभा राहिलो. आतून कात्रीचा आवाज आला. जावेने पदराने तिचं अंग कोरडं केलं. मी जवळच्या घराच्या माळ्यावरचा कोरडा पेंढा मागवला होता, तो स्ट्रेचरवर पसरला, कारण खालचा गारवा वरच्यापेक्षा जास्त खातो. त्यावर प्लास्टिक, त्यावर वाघ.

तेवढ्यात एक जण बाटली घेऊन आला. ‘दोन घोट घाला पोटात, गरम हुईल.’ मॅडमनी अशी नजर टाकली की तो बाटलीसकट मागे सरला. दारूने गरम वाटतं, पण अंगातली होती नव्हती ती ऊब कातडीवर येऊन उडून जाते. दुसरा म्हणाला वीट तापवून तळपायाला लावू. तेही नको, गार पडलेल्या कातडीला भाजलेलं कळत नाही. तिसरा नुसताच म्हणाला, ‘मग आम्ही करू काय?’ मी म्हटलं, ‘स्ट्रेचर धरा, आणि हळू चाला. आदळू नका तिला.’ आठ जणांनी तिला अशी नेली की पाण्याचा हंडा डोक्यावर असावा.

गाडीत बसलो, दारं-खिडक्या लावल्या आणि मी हीटर पूर्ण सोडला. पेणचा जुलै, बंद गाडी, वर हीटर! पाच मिनिटांत मी घामाने निथळत होतो. मॅडमच्या चष्म्यावर वाफ. सलाइनच्या बाटल्या त्या कायम कापडात गुंडाळून हीटरच्या तोंडाशी ठेवायला लावायच्या, गार सलाइन आत सोडू नये म्हणून. तिथली एक त्यांनी उचलली. मी आरशात बघत होतो. वाघाच्या नारिंगी तोंडाच्या वर हिराबाईचं पांढरं तोंड. माझ्या डोळ्यापुढे दुसरंच तोंड येत होतं. मनात म्हटलं, बाई, तू तरी जगायचं हां. तू मेलीस तर मी हे काम कशाला केलं!

रेल्वे फाटकाच्या पुढे गेल्यावर मागून मॅडम ओरडल्या, ‘दत्ताकाका! कुडकुडायलेत!’

आयुष्यात कुणाच्या दातांच्या आवाजाचा मला एवढा आनंद झाला नाही. ‘कुडकुड गो बाय, कुडकुड!’ मी पुढून ओरडलो. थोड्या वेळाने तिचा आवाज आला, ‘गो बाय, ह्यो वाघ कुणाचा?’

‘नागोठण्याचा आहे,’ मी म्हटलं.

हिराबाई वाचली. पाय राहिला, जरा लंगडते. चार महिन्यांनी नवऱ्याला घेऊन माझ्या घरी आली. काखेत पोह्याच्या पापडांचं मोठं पुडकं. ‘वाघवाली कोण हाय तिला द्यायचं हाय. मला तिच्याकडं ने.’ मी म्हटलं, मी पोचवतो. ‘नाय. मला ने.’ मी आज-उद्या करत राहिलो. ती दर पंधरा दिवसांनी फोन करायची, ‘पापड मऊ पडतील रे दत्तू!’ पुढे पापड संपले असावेत, कारण नंतर ती म्हणाली, नवीन केलेत.

शेवटी मे महिन्यात, निवृत्तीनंतरच्या चौथ्या दिवशी मी तिला घेऊन गेलो. वाघ गाडीतून मागून घेतला होता, मालकिणीला एकदा दाखवायला. धुऊन-धुऊन फिका पडला होता, एक कान झिजून गेला होता.

हमीदाभाभी दारात आल्या. हिराबाईने चप्पल काढली नाही तोच सुरुवात केली, ‘तुझ्या वाघाखाली मी जगले गो. खाडीच्या पाण्यात दोन तास व्हते. हा आणि ती डॉक्टरीण नसती, आणि तुझा वाघ नसता, तर आज माझा फोटो लागला असता भिंतीला.’ भाभींनी तिचे दोन्ही हात धरले. मग ब्लँकेट मांडीवर घेतलं, झिजलेल्या कानावरून बोट फिरवलं आणि एकदम रडायला लागल्या.

‘एक तरी माणूस माझ्या हातनं गरम राहिला,’ त्या म्हणाल्या. ‘एक माझ्या हातनं गार पडला.’

हिराबाई म्हणाली, ‘म्हंजे गो?’

‘इक्बालवर पाणी मी ओतलं होतं. फ्रीज उघडला, हाताला लागल्या तेवढ्या बाटल्या घेतल्या आणि धावले. तीन बाटल्या. मला वाटलं, उन्हाचा त्रास होतोय त्यांना. मग ह्या भाऊंचं भाषण ऐकलं तेव्हा कळलं मी काय केलं ते.’

मला खुर्चीत बसवेना. माझे शब्द होते ते. ‘अतिशहाणा’ माझा, ‘कामच तमाम’ माझं. पहिल्या रांगेत ती बसली होती आणि मी हॉल हसवला होता.

‘भाभी,’ मी म्हटलं, ‘त्या दिवशी गाडी मी चालवत होतो. गाडीत एसी होता. पाऊण तास मी तो पूर्ण सोडून ठेवला होता, त्यांच्या छातीवर. तुमच्या भावाला विचारा, तो हात चोळत होता. तुम्ही पाणी घातलं ते दोन मिनिटांचं. पुसून झाकलं असतं तर निभावलं असतं. मी पुसलं नाही, झाकलं नाही, वरून एसी लावला. डॉक्टर म्हणतात मार मोठा होता, कशाने काय झालं ते कुणीच सांगू शकत नाही. पण भाषणात मी तुमचं पाणी सांगितलं आणि माझा एसी गाळला.’

भाभींनी ब्लँकेटची घडी घातली आणि बाजूला ठेवली. वर पंखा फिरत होता.

‘का गाळलास?’ भाभींनी विचारलं. इतकी वर्षं मला भाऊ, अहो-जाहो. आता एकेरीवर आल्या.

‘लाज वाटली.’

‘एवढी वर्षं मला एकटीला ठेवलंस रे, दत्ताभाऊ.’

मला पोलिसांनी धरलं असतं तरी एवढं लागलं नसतं. मी हात जोडले. खूप रडलो, या वेळी घामावर ढकलता येण्यासारखं नव्हतं. हिराबाई आमच्या दोघांकडे आळीपाळीने बघत होती. मग ती उठली, लंगडत आत गेली आणि आतून ओरडली, ‘तेल कुठं ठेवलंस गो? ह्यो रडतोय तवर पापड तळते.’

भाभींना रडता रडता हसू आलं. उठून आत गेल्या. मी बाहेर वाघ मांडीवर घेऊन बसलो. थोड्या वेळाने तिघांनी पापड खाल्ले, चहा घेतला. निघताना भाभींनी ब्लँकेट परत माझ्या हातात दिलं. ‘नव्या पायलटला दे. आणि परत भाषण करशील तेव्हा मला सांग. मी येणार.’

गेल्या महिन्यात रोह्याला कार्यक्रम झाला. मॅडम आता मोठ्या जागेवर आहेत, पण हट्टाने मला बोलावतात. भाभी आल्या, पहिल्या रांगेत बसल्या, शेजारी हिराबाई. मी गोष्ट सुरू केली. दुपार सांगितली, दुकान सांगितलं, गर्दी सांगितली. ‘अतिशहाणा’ हा शब्द गाळला. ‘एका बाईने घाबरून पाणी ओतलं...’ म्हणालो आणि तिथे अडकलो. पुढे एसी होता. हॉलभर माणसं माझ्याकडे बघत होती.

भाभी उभ्या राहिल्या. डोक्यावरचा पदर नीट केला, लोकांकडे तोंड केलं.

‘ती बाई मी. तीन बाटल्या मी ओतल्या,’ त्या म्हणाल्या. ‘आणि एसी ह्याने लावला. दोघांना माहीत नव्हतं. तुम्हाला माहीत असावं म्हणून आलोय.’ मग माझ्याकडे वळल्या. ‘हां, बोल आता पुढे, दत्ताभाऊ.’